पाच वस्त्या की एक पोरगं एकोणिसाव्या वर्षापर्यंत? चिकलठाण्याजवळच्या एका अभ्यासिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा एमआयडीसीच्या कडेने ज्या वस्त्या वाढल्या, त्यांतल्या एकीच्या समाजमंदिरात ही अभ्यासिका चालते. वस्ती, संस्था आणि माणसं यांची नावं इथे दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. संस्थेच्या सल्लागार गटात मी आहे. त्यामुळे पुढच्या बहुतेक चर्चा माझ्यासमोर झाल्या.

वस्तीतली घरं जालना, परभणी, हिंगोली, बीडकडून कामाच्या शोधात आलेली. बाप ठेकेदारामार्फत कंपनीत हेल्पर, नाहीतर बांधकामावर. आई पॅकिंगला किंवा धुण्याभांड्याला. या घरांना शिक्षणाचं महत्त्व पटवून द्यावं लागतं, असा समज बाहेरून येणाऱ्यांचा असतो आणि तो चुकीचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्याच शहरातली ही माणसं आहेत. पोरांनी शिकावं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नड वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि हे प्रकरण त्याच ठिकाणाबद्दल आहे.

अभ्यासिका आठवी-नववीच्या मुलांसाठी होती. संध्याकाळी सहा ते आठ, गणित आणि विज्ञान. नळाला पाणी यायच्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा व्हायचा, कारण पाणी रोज येत नाही आणि आलं की घरातल्या प्रत्येक हाताला काम असतं. वर्ग चालवणाऱ्या ताईंनी त्यातूनच धडा काढला. 15 लिटरची बादली भरायला 50 सेकंद लागत असतील, तर 200 लिटरचा ड्रम किती वेळात भरेल? साधारण अकरा मिनिटांत. मग दोन तास पाणी राहिलं तर गल्लीतल्या किती घरांना पुरेल? ड्रममधून नळी लावून पाणी ओढण्याची युक्ती मुलांना लहानपणापासून येते. पाणचक्कीला नेल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, की डोंगराकडून जमिनीखालून आलेलं पाणी मनोऱ्यात वर कसं चढतं. सतराव्या शतकात मलिक अंबरच्या काळापासून या शहरात नहरींनी पाणी खेळवलं गेलं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. दाब आणि उंची यांचा संबंध त्यांना तिथे उभं राहून कळला.

दुसरे शिकवणारे एका टूलरूममधून निवृत्त झालेले काका. ते पट्टी, व्हर्नियर कॅलिपर आणि मायक्रोमीटर या क्रमाने मोजायला शिकवत. प्रत्येकाने आपला केस मायक्रोमीटरमध्ये धरायचा आणि वाचन फळ्यावर लिहायचं. कुणाचा 0.06 मिलिमीटर, कुणाचा 0.09. लघुतम माप म्हणजे काय, दोघांनी एकच वस्तू मोजून आकडा वेगळा का येतो, सरासरी कशासाठी घ्यायची, हे सगळं त्या एका केसातून निघायचं. ज्या हत्याराच्या शेजारून बाप रोज जातो पण हेल्पर असल्यामुळे ज्याला हात लावायला मिळत नाही, ते हत्यार पोरगी चालवते, हे पाहायला बाप वर्गाच्या दारात थांबत. माझ्या मते या अभ्यासिकेचा हा सर्वांत उत्तम धडा होता आणि त्यासाठी लागणारं सामान एका पिशवीत मावत होतं.

प्रस्ताव

एमआयडीसीतल्या एका कंपनीने हे काम पाहिलं आणि प्रस्ताव दिला. एका वर्षात पाच वस्त्या, प्रत्येक ठिकाणी रोबोटिक्सचे संच, आठवी-नववीची मुलं, आणि जोडीला ‘आर्थिक साक्षरते’ची चार व्याख्यानं. पैसा भरपूर होता. संस्थेने एवढी रक्कम आधी कधी हाताळली नव्हती.

प्रस्ताव देणारे अधिकारी तळमळीचे होते, हे स्पष्ट सांगायला हवं. त्यांची घाई कायद्यातून आली होती. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. मार्चअखेर पैसा शिल्लक राहिला तर तो सरकारी निधीत जमा करावा लागतो. त्यामुळे लवकर खर्च होणारी आणि फोटोत दिसणारी कामं पुढे येतात.

अडचण

प्रस्तावावर विचार सुरू असतानाच अभ्यासिकेचा एक जुना विद्यार्थी अडचणीत आला. मुलगा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला, वय अठरा पूर्ण. ओळखीतल्या एकाने त्याला सांगितलं, की गेममध्ये जिंकलेले पैसे यायचे आहेत, थोडे दिवस तुझं खातं वापरू दे, एटीएम कार्ड आणि सिम दे, दोन-तीन हजार मिळतील. त्याने दिलं. काही आठवड्यांत दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून बँकेने खातं गोठवलं. फसवणुकीचे पैसे त्यातून फिरले होते. त्याची शिष्यवृत्ती त्याच खात्यात येणार होती.

आई रडत ताईंकडे आली. तिचं पहिलं वाक्य होतं, “ताई, कुणाला सांगू नका, पोराचं नाव खराब होईल.”

हा मुलगा वर्गातला हुशार. टक्केवारी, सरळव्याज, चक्रवाढव्याज सगळं येणारा. ताईंनी त्या आठवड्यात जुन्या विद्यार्थ्यांची यादी काढली आणि एकेकाच्या घरी जाऊन आल्या. चित्र असं दिसलं, की नववीपर्यंत सोबत असलेली मुलं दहावीच्या निकालानंतरच्या दोन महिन्यांत हातातून सुटतात. नापास झालेली थोडी. बरीचशी पास होऊन, डिप्लोमा किंवा आयटीआयला जागा मिळण्याइतके गुण घेऊन, हेल्पर म्हणून कामाला लागलेली.

एका आईने कारण सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. “पोरगी हुशार हाय, मला म्हाईत हाय. सरकार पैसे देतंय तेबी म्हाईत हाय. पण ते दिवाळीनंतर देतंय, आन् कॉलेजवाले जूनात मागायलेत.”

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, प्रवेशाचे अर्ज, पहिला हप्ता, बसचा पास, ड्रॉइंगचं सामान. सगळा खर्च मे ते ऑगस्टमध्ये येऊन पडतो. शिष्यवृत्ती मंजूर असली तरी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून खात्यात यायला महिने लागतात. मधल्या काळासाठी वस्तीत पैसे मिळतात ते शेकडा पाचने. 20,000 रुपये उचलले तर महिन्याला 1,000 रुपये नुसतं व्याज, नऊ महिन्यांत 9,000, आणि मुद्दल आहे तिथेच. वर्षाचे 60 टक्के. आई हा हिशोब तोंडी करते आणि पोरीला कामाला पाठवते. तिच्या जागी बसून पाहिलं तर तिचं गणित चुकलेलं नसतं.

म्हणजे विज्ञानाचा वर्ग आणि पैशाचा वर्ग वेगळे ठेवून चालणार नव्हतं. मुलीने मायक्रोमीटर कितीही छान वाचला, तरी जूनमधले 20,000 उभे राहिले नाहीत तर तिचं तंत्रशिक्षण तिथेच संपतं. आणि पैशाचे खरे फास बसतात ते सोळा ते एकोणीस या वयात, जेव्हा मुलं वर्गातून निघून गेलेली असतात.

समोरचे पर्याय

बैठक लांबली आणि मतं टोकाची होती.

पहिला पर्याय प्रस्ताव आहे तसा स्वीकारण्याचा. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नव्हता. शेजारच्या वस्त्यांत काहीच नाही. तिथल्या पोरांनी आपली पद्धत पूर्ण होईपर्यंत थांबायचं का? शिवाय रोबोटच्या नावाने मुलं येतात, पालक येतात, नगरसेवक येतात. विरोधात काका होते. पाच ठिकाणी शिकवणारी माणसं कुठून आणणार, हा त्यांचा एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

दुसरा पर्याय नकार देण्याचा. एका वस्तीत, आहे त्या पैशात, जमेल तेवढं करत राहायचं. हा मला कधीच पटला नाही. पैसा द्यायला कुणी स्वतःहून येतं तेव्हा त्याच्याशी बोलून कामाचं रूप बदलता येतं का, हे तरी पाहायला हवं.

तिसरा पर्याय ताईंनी मांडला. वस्त्या वाढवण्याऐवजी वयाने वाढायचं. आठवीत आलेलं मूल एकोणीस वर्षांचं होईपर्यंत सोडायचं नाही. फार तर दोन वस्त्या, पण मुदत वर्षाची नको.

इथे कायद्याची एक तरतूद उपयोगी पडली, जी लहान संस्थांना सहसा माहीत नसते. कंपनीच्या संचालक मंडळाने एखादं काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर ते सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे 3 वर्षांपर्यंत चालवता येतं. त्या वर्षी न खर्चलेली रक्कम 30 दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि पुढे वापरायची. मार्चचा धाक त्यामुळे उरत नाही. संस्थेच्या हिशेबनिसांनी हे शोधलं. नव्या प्रस्तावाचा सगळा डोलारा या एका तरतुदीवर उभा राहिला.

काय केलं

कंपनीपुढे दोन वस्त्या आणि बहुवर्षीय काम असा मसुदा गेला. संचांच्या ऐवजी जवळच्या एका अनुदानित शाळेतली अटल टिंकरिंग लॅब शाळा सुटल्यावर वापरायची, असं सुचवलं. 2016 पासूनच्या या योजनेत निवड झालेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. 3D प्रिंटर, सेन्सर, सोल्डरिंगचं सामान, सगळं तिथे होतं आणि दुपारनंतर कुलूपबंद होतं. मुख्याध्यापकांची भीती रास्त होती, सामान गेलं किंवा मोडलं तर जबाब त्यांना द्यावा लागणार. म्हणून लेखी करार झाला, किल्ली संस्थेच्या नोंदवहीत सही करून घ्यायची आणि मोडतोडीचा खर्च प्रकल्पातून करायचा. हे ठरायला एक सत्र गेलं.

पैशाचा वर्ग पूर्ण बदलला. व्याख्यानं गेली. दहावीच्या प्रत्येक मुलामुलीने आईसोबत बसून जानेवारीतच एक ‘जून-कागद’ करायचा. कोणत्या प्रवेशाला काय लागेल, कोणता दाखला सेतूतून कधी काढायचा, कोणत्या आठवड्यात किती रोख लागेल, शिष्यवृत्ती कधी अपेक्षित, आणि मधला खड्डा किती. खड्ड्याचा आकडा पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा आयांनीच मार्ग काढला. वस्तीत बायकांच्या भिश्या चालतात. वीस जणी, महिना हजार, एकीला एकदम 20,000. दोन भिश्यांनी ठरवलं, की ज्यांची मुलं दहावीला आहेत त्यांना चिठ्ठी न टाकता जून-जुलैची पाळी द्यायची. बिनव्याजी पैसा हवा त्या महिन्यात. आम्ही बैठकीत शैक्षणिक कर्ज, पतसंस्था, फिरता निधी यांवर तासन्‌तास बोललो होतो. उत्तर भिशीत होतं आणि ते आयांना सापडलं.

मोठ्या मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू झाला. त्यात सपाट व्याजदराचं गणित आलं. 12,000 रुपयांचं कर्ज, 24 टक्के ‘फ्लॅट’, बारा हप्ते, प्रत्येक हप्ता 1,240. कर्ज दर महिन्याला फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 12,000 वर लागतं. मोबाइलवरच्या तक्त्यात मांडलं की खरा दर 41-42 टक्क्यांच्या आसपास येतो. गोठलेल्या खात्याचं प्रकरणही, त्या मुलाच्या संमतीने आणि नाव न घेता, शिकवायला घेतलं.

त्याच्याबाबत काय करायचं, हा स्वतंत्र निर्णय होता. आईचं ऐकून गप्प राहावं, असं दोघांचं मत होतं. ताईंनी मुलाला आणि वडिलांना समोर बसवून सांगितलं, की लपवलं तर पुढची नोटीस आल्यावर बाजू मांडायला कागदच नसेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाला. मुलाने सगळं खरंखरं लिहून बँकेला आणि सायबर पोलिसांना दिलं. दरम्यान नव्या खात्याला आधार जोडून घेतलं, कारण थेट लाभाचे पैसे शेवटी आधार जोडलेल्या खात्यातच जातात.

पगारपत्रकाचा धडा

सर्वांत अवघड वळण अनपेक्षित जागी आलं. रविवारच्या वर्गात पगारपत्रक वाचायला शिकवलं जायचं. समजा पगार 15,000 आणि तो पूर्ण भविष्य निर्वाह निधीसाठी धरला. 12 टक्क्यांनी 1,800 कापले. ईएसआयसीचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, 0.75 टक्के म्हणजे 113. पुरुष असेल तर व्यवसाय कर 200. हातात 12,887. मालकाने आपले 12 टक्के आणि ईएसआयसीचे 3.25 टक्के वरून भरायचे. बाईचा पगार 25,000 पर्यंत असेल तर महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून तिला व्यवसाय कर लागत नाही.

एका मुलीने घरी जाऊन आईच्या पगाराची चिठ्ठी पाहिली. 200 कापलेले होते. दुसऱ्याने वडिलांचं पीएफचं पासबुक ‘उमंग’ या सरकारी अ‍ॅपवर उघडलं, तर कापलेला पीएफ कित्येक महिने जमाच झालेला नव्हता. दोघांचेही पालक ठेकेदाराकडचे.

प्रस्ताव देणाऱ्या कंपनीपर्यंत कुजबुज गेली. अधिकारी भेटायला आले आणि सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, हा धडा जरा जपून घ्या. ठेकेदार बिथरले तर नुकसान या पालकांचंच होईल.” यात दबाव होता आणि तथ्यही होतं. चिठ्ठी घेऊन ठेकेदाराशी भांडायला गेलेला हेल्पर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर असतो.

धडा बंद करायचा, तसाच चालू ठेवायचा, की बदलायचा? ताई बंद करायला तयार नव्हत्या. ज्या मुलाला उद्या त्याच गेटमधून आत जायचं आहे, त्याला आपला पगार वाचता येऊ नये, ही अट घालून मिळणारा पैसा नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी त्यांच्या बाजूने होतो आणि आजही आहे. शेवटी धडा राहिला, मांडणी बदलली. वर्गात नमुन्याचं पत्रक वापरायचं, कुणाच्या घरची चिठ्ठी मागायची नाही. ज्यांना तक्रार करायची त्यांच्यासाठी कामगार चळवळीतले एक जुने कार्यकर्ते शनिवारी वेगळ्या जागी बसू लागले. संस्थेचा त्याच्याशी कागदोपत्री संबंध ठेवला नाही. मुलांवर पालकांच्या लढाईचं ओझं टाकायचं नाही, ही रेघ तेव्हा आखली गेली.

काय निष्पन्न झालं

कंपनीने दोन वस्त्यांचा बहुवर्षीय प्रकल्प मान्य केला, पगारपत्रकाच्या धड्यासकट. वर्षातून एकदा रोबोटचं प्रदर्शन ही त्यांची अट संस्थेने स्वीकारली. प्रदर्शनात मुलांनी ड्रम भरला की वाजणारा गजर आणि गल्लीतल्या नळाचा प्रवाह मोजणारं यंत्र ठेवलं.

जून-कागद केलेल्या घरांतली बरीच मुलं त्या वर्षी डिप्लोमा किंवा आयटीआयला गेली. सगळी गेली नाहीत. एका घरात वडिलांचा अपघात झाला आणि भिशीची पाळी दवाखान्यात गेली. त्या मुलाने वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुढच्या वर्षावर टाकला. गोठलेलं खातं सुटायला बरेच महिने लागले, शिष्यवृत्ती नव्या खात्यात आली, मुलाने आयटीआय पूर्ण केलं. आईचे 200 रुपये शनिवारच्या बैठकीनंतर कापले जाणं थांबलं. पीएफचं प्रकरण अजून चालू आहे.

दुसऱ्या वस्तीत काम हळू आहे. तिथली बरीच मुलं घरी दखनी बोलतात, शाळा उर्दू माध्यमाची, आणि शिकवणारे मराठीतून बोलणारे. मायक्रोमीटरला भाषा लागली नाही. जून-कागदाला लागली.

वेगळं काय करता आलं असतं

मुलींच्या वेळेचा विचार फार उशिरा झाला. सहा ते आठ या वेळेत वर्ग ठेवला की थंडीत अंधार पडल्यावर मुली गळतात, हे हजेरीपटात पहिल्या हिवाळ्यापासून दिसत होतं. शाळेची लॅब मिळाल्यावर त्यांचा वर्ग दुपारी हलवला आणि हजेरी सुधारली. समाजमंदिर सोडून दुसरी जागा शोधण्याचं काम आधी हाती घेता आलं असतं.

दुसरं, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी. सरकारी, अनुदानित आणि मनपा शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ही परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. कुटुंबाचं उत्पन्न 3.5 लाखांच्या आत हवं. अभ्यासिकेत आठवीची मुलं पहिल्या दिवसापासून होती, तरी तयारी दहावीच्या जून-कागदानंतरच सुरू झाली. नववी-दहावीची दोन वर्षं महिन्याला 1,000 रुपये साठत आले असते, तर काही घरांचा जूनचा खड्डा भिशीच्या आधीच भरला असता.

तिसरा मुद्दा अजून सुटलेला नाही. काकांचा गुडघा दुखतो, दोन वस्त्यांना त्यांना जमत नाही. त्यांच्या जागी कुणी आणण्याऐवजी आयटीआय पूर्ण केलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनाच मानधन देऊन मायक्रोमीटरचा वर्ग सोपवावा, असा ठराव पुढच्या बैठकीत आहे. पहिलं नाव त्या गोठलेल्या खात्याच्या मुलाचं सुचलं आहे. कंपनीच्या अधिकाऱ्यांना ते कितपत चालेल, यावर अजून बोलायचं आहे. काकांनी मात्र त्याला दर रविवारी सोबत न्यायला सुरुवात केली आहे.